बसण्याचा इतिहास

मराठी भाषेत 'बसणे' या क्रियापदाला जितकी कामं आहेत, तितकी आमच्या शाखेतल्या शिपायालाही नाहीत. घसा बसतो, धंदा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो. हिशोबाचा मेळ तेवढा बसत नाही. मुलगी परीक्षेला बसते, आई देवापुढे बसते आणि बाप नुसताच बसतो. आमच्या बँकेत तर आम्हांला बसण्याबद्दलच पगार मिळतो, असं खातेदारांचं ठाम मत आहे. पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी कामकाज संपता संपता शेजारच्या काउंटरवरचा सहकारी जवळ येतो, आवाज दोन पट्ट्या खाली आणतो आणि विचारतो, "काय, बसायचं का?" तेव्हा तो खुर्चीबद्दल बोलत नाही, हे कॅशियरपासून सुरक्षारक्षकापर्यंत सगळ्यांना कळतं. एका साध्यासुध्या, सोवळ्या क्रियापदाला हा वास केव्हा लागला, याचा शोध व्याकरणकारांनी घेतलेला नाही. तो मी घ्यायचं ठरवलं. व्याकरणाशी माझं शाळेपासून जमत नाही. पण मुंबईतल्या हॉटेलांत मी पुष्कळ बसलो आहे.

हॉटेलांबद्दल अधिकारवाणीने बोलायला हल्ली अधिकार लागतच नाही म्हणा. माझा पुतण्या बाहेर जेवायला गेला की पदार्थाचा आधी फोटो काढतो, मग घास घेतो आणि गिळायच्या आत तारे देऊन मोकळा होतो. "काका, वातावरण चार तारे, सर्व्हिस तीन, मिसळ साडेतीन." अर्धा तारा कोणत्या फरसाणापायी कापला, हे विचारायची सोय नाही. ही ताऱ्यांची पद्धत आली फ्रान्समधल्या मिशेलिन या टायरच्या कंपनीकडून. १९०० साली तिने मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून त्यात हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. लोकांनी चांगल्या जेवणाच्या आशेने लांबलांब गाड्या हाकाव्यात आणि टायर झिजवावेत, असा साधा व्यापारी हिशोब. म्हणजे हॉटेल-परीक्षणाचं मूळ रबरात आहे. काही हॉटेलांतलं पनीर चावताना मला हे अधूनमधून आठवतं.

मुंबईत असल्या ताऱ्यांवाचून काही अडलं नव्हतं. 'बिझीबी' या नावाने लिहिणारे बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांनी इथल्या खाण्याच्या जागांवर वर्षानुवर्षं इंग्रजी सायंदैनिकांतून लिहिलं. १९८५ मध्ये तर 'आफ्टरनून डिस्पॅच अँड कुरिअर' हे स्वतःचं सायंदैनिक काढलं. २००१ मध्ये ते गेले. त्यांचं वाचून माणूस हसायचा आणि मग त्याला भूक लागायची. यापेक्षा मोठं परीक्षण कुठलं?

माझी पद्धत याहून गद्य आहे. बी.कॉम.ला आम्हांला कॉस्ट अकाउंटिंग नावाचा विषय होता. त्यातलं बाकी सगळं विसरलो, पण एक गोष्ट लक्षात राहिली : कुठल्याही खर्चाला वेळेने भागावं. तेव्हा मी हॉटेलच्या बिलाला तिथे बसलेल्या तासांनी भागतो. जो आकडा येतो तो खुर्चीचा ताशी दर. चव ज्याच्या त्याच्या जिभेवर; दर मात्र सगळ्यांना सारखा. आणि हा दर मांडत गेलं की मुंबईचा दीडशे वर्षांचा इतिहास आपोआप पानावर उतरतो.

सुरुवात करायची पाटापासून. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला. मग गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं येत गेली. बायकामुलं गावी, हा इथे एका खोलीत पंधरावीस जणांबरोबर पाळीपाळीने झोपायला. झोपायची पाळी लावता येते, स्वयंपाकाची येत नाही. म्हणून खानावळ आली. ती म्हणजे पाटी लावलेली खानावळच असेल असं नाही. बहुतेकदा ती चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतली एक बाई असायची. दोन वेळचं जेवण, पैसे महिन्याने. पंगतीला बसायचं, जेवायचं, उठायचं; मागे दुसरी पाळी हात धुऊन उभी. गिरगावातल्या खोताच्या वाडीत 'अनंताश्रम' म्हणून मासळीची एक नामांकित खानावळ होती. तिथे माशाइतकाच दरारा वाढप्यांचा असे. गप्पा मारायच्या तर घरी, असा एकूण कारभार. ताशी दर काढायचा तर खानावळ महागच म्हणायला हवी. वीस मिनिटांत उठवलं की भागाकार वर जातो.

पण माझ्या सूत्रात एक खोट होती, ती आमच्या मामांनी काढली. मामा लालबागला राहायचे, गिरणीत साचे चालवायचे आणि त्याच चाळीतल्या एका मावशींकडे जेवायचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला. पगार बंद झाला. भूक मात्र दोन्ही पाळ्यांना हजर. मामा सांगतात, "पहिल्या महिन्याला मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या महिन्याला मासळी बंद झाली. तिसऱ्याला भाजी पातळ झाली. पण पाट कुणी उचलला नाही." मावशींकडे एक वही होती. अक्षरओळख बेताची, म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे खुणा : कुणाला चांदणी, कुणाला मासा. आमच्या मामांना छत्री, कारण ते पहिल्यांदा आले तेव्हा पाऊस होता. मामांनी पुढे एका इमारतीवर रखवालदारी धरली आणि चार वर्षं हप्त्याहप्त्याने ते कर्ज फेडलं. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी मावशींनी त्यांना जेवायला बसवलं, वहीतलं जुनं पान फाडलं आणि नवीन पानावर छत्री काढली.

कर्जवसुलीचं असं तंत्र आमच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत.

एक मात्र अभिमानाने सांगतो. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा 'आता गरिबांना कर्ज मिळणार' असं सगळ्यांनी ऐकलं होतं. ते खरं करून घ्यायला प्रेमा पुरव यांच्यासारखी बाई लागली. बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी दादा पुरव यांच्या त्या पत्नी आणि स्वतः कामगार चळवळीतल्या. गिरणगावातल्या या खानावळवाल्या बायका सावकाराकडून भरमसाट व्याजाने पैसे उचलतात, हे पाहून त्यांनी त्यांना एकत्र केलं आणि १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं. तारण म्हणून ठेवायला या बायकांकडे काय होतं? पोळपाट आणि लाटणं. पण बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून छोटी छोटी कर्जं मिळू लागली. बँकेत असण्याबद्दल छाती फुगवायचे प्रसंग थोडे येतात. हा त्यांतला एक, आणि तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

पाटावरून माणूस खुर्चीवर आला तो इराण्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि पुढे इराणच्या यझ्द, केरमान या भागांतून ही मंडळी आली आणि त्यांनी नाक्यानाक्यावर हॉटेलं थाटली. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळाली, असं सांगतात. कोपरा अशुभ असो नसो, दोन रस्त्यांवरचं गिऱ्हाईक एकदम आत येतं, एवढं ज्योतिष त्याला येत होतं. धोबीतलावजवळचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनजवळचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबलं, वळवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीभर आरसे. आरसे शोभेचे, असं आपण समजायचं. गल्ल्यावर बसलेल्या मालकाला प्रत्येक टेबलावरची खारी मोजता यावी, हा त्यांचा खरा उपयोग. त्या आरशांत बघून तरुणांनी केस विंचरू नयेत म्हणून पाट्या. धोबीतलावच्याच बस्तानीतल्या सूचनांवरून निसीम इझिकेल यांनी कविता केली. हॉटेलच्या पाटीवरून कविता होणं हा मान आजवर कुठल्याही बँकेच्या पाटीला मिळालेला नाही.

एक पानीकम चहा आणि एक ब्रूनमस्का. एवढ्या भांडवलावर माणूस दोन तास बसत असे. नोकरीच्या जाहिराती तिथे वाचल्या जात, लग्नं तिथे ठरत, मोडत, नाटकमंडळ्या निघत, बंद पडत. शेजारी ट्रकवाला, समोर वकील, टेबल एकच. जात विचारायची पद्धत नव्हती, कारण इराण्याला आपल्या जाती पाठच नव्हत्या. खुर्चीचा ताशी दर इतका खाली पुन्हा कधी आला नाही. आमच्या पुतण्याने त्या हॉटेलला 'सेवा' या सदरात दीड तारा दिला असता. वेटर बशीत सांडलेला चहा आणून आपटायचा, हे खरंच. पण तुम्ही उठावं म्हणून तो कधी खाकरत नसे. ही सेवाच नव्हे काय?

इराण्याला टक्कर दिली उडुप्याने. माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, आणि कॅफे मद्रास त्याच्याही आधीचं. स्वच्छ, चटपटीत, गरमागरम आणि कमालीचं घाईचं. 'राईस प्लेट ११ ते ३.' तुमचा रस्सम संपायच्या आत पुढचं गिऱ्हाईक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं. तुमच्या डोक्यावरून तुमच्याच ताटातला भात मोजत असतं. उडुप्याने मुंबईला इडली दिली आणि ढुंगण टेकायची वेळ निम्मी केली. दादरला मामा काण्यांचं उपाहारगृह १९१० पासूनचं. तिथे बटाटेवडा खाऊन मराठी माणूस तृप्त होई. पुढे १९६६ मध्ये अशोक वैद्यांनी दादर स्टेशनबाहेर तोच वडा पावात घातला आणि बसण्याचा प्रश्नच मिटवला. वडापाव हा उभ्याने खायचा. भागायला तासच नाहीत. शून्याने भागता येत नाही, एवढं मला कॉमर्सवाला असूनही ठाऊक आहे.

आता आपल्या क्रियापदाकडे येऊ.

पूर्वी मुंबईत ताडीमाडी होती, भंडारी ती काढत, पिठ्यांत ती विकली जाई. १८७८ चा अबकारी कायदा झाला आणि ब्रिटिश सरकारने झाडाझाडावर कर लावला. माडाला जेवढी वर्षं जगायला लागतात, तेवढे कागद त्याच्यावर चढले. तरी पिणं उघड होतं. ते बंद करायचं ठरवलं काँग्रेसच्या प्रांतिक सरकारने. अबकारी मंत्री डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत दारूबंदी आणली आणि बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तांवर नवा कर बसवला. म्हणजे जे पीत नव्हते तेही आता दुसऱ्याच्या न पिण्याचे पैसे भरू लागले. महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, मुंबईने आवंढा गिळला. पण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून बंदी पुरी झाली. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १९५१ च्या बलसारा खटल्यात कोर्टाने कायदा बहुतांशी उचलून धरला. औषधं आणि अंगाला लावायची द्रव्यं मात्र त्यातून सोडवली. त्यानंतर मुंबईकरांच्या अंगाला किती लागलं आणि पोटात किती गेलं, हा वेगळा विषय आहे.

तहान कायद्याने भागत नाही. ती दारामागे गेली. खाडीकाठी भट्ट्या लागल्या, नवसागराची खोपडी निघाली, वांद्र्या-माहीमच्या गल्ल्यांत 'आंटी'ची घरं उभी राहिली. पुढे खोली आंटीची, मागे कपाट, कपाटात देव आणि देवामागे बाटली. आता असल्या ठिकाणी जायचं तर सांगायचं कसं? 'प्यायला जाऊ' म्हणणं म्हणजे गुन्ह्याची कबुली. 'बसू या' म्हटलं तर बसण्याला काही कायदा आडवा येत नाही. माझं संशोधन सांगतं की क्रियापद तिथे बिघडलं. पुरावा मागाल तर नाही. पण ज्या शहरात पिणं गुन्हा आणि बसणं माफ, तिथे दुसरं काय होणार?

ज्यांना रीतसर प्यायचं त्यांच्यासाठी डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना होता. या गृहस्थाला प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे, असं डॉक्टरने लिहून द्यायचं. १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात बंदी सैल झाली, पण परवाना राहिला. परवानावाल्यांनी बसायची खोली ती 'परमिट रूम'. काळी काच, आत बाराही महिने संध्याकाळ, फुकटचा चकणा आणि कोपऱ्यात गणपती. पुष्कळ इराण्यांनीही चहाच्या शेजारी बिअर ठेवायला सुरुवात केली. परवान्याची गंमत अजून पुस्तकात आहे. बिअरला वय एकवीस, कडक मद्याला पंचवीस; मतदानाला मात्र अठरा. म्हणजे सरकार निवडायची अक्कल आधी येते आणि त्यानंतर सात वर्षांनी ते सहन करायचं साधन मिळतं. कित्येक वर्षं एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना आणि आजन्म परवाना हजाराला मिळत आला. मी लगेच हिशोब केला : दोनशे बैठकींत भांडवल वसूल, पुढे निव्वळ नफा. फक्त आयुष्य तेवढं उरलं पाहिजे.

हसून झालं, पण एक आकडा सांगायलाच हवा. ज्यांच्याकडे परवाना नव्हता आणि बारचं बिलही परवडत नव्हतं, ते त्या मागच्या दाराशीच राहिले. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी गावठी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. दारूबंदीचा सगळा खर्च शेवटी कोणाच्या नावे पडला, हे सांगायला कॉस्ट अकाउंटिंग लागत नाही.

आणि आता त्याच मुंबईत बिअर हॉटेलातच गाळतात. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रूअरी २००९ मध्ये पुण्यात निघाली, तिचं नाव 'डूलाली'. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या छावणीत गोरे सोजीर मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने बसून राहायचे आणि बसून बसून त्यांची डोकी फिरायची. इंग्रजीत त्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. नुसतं बसण्याने वेड लागतं, हे इंग्रजांना देवळालीने शिकवलं. मुंबईतली पहिली मायक्रोब्रूअरी २०१३ मध्ये निघाली, लोअर परळला, एका गिरणीच्या आवारात. मग त्या भागात खाण्यापिण्याची रांगच लागली. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत चौदा जण गेले, तेव्हा कुठे लोकांनी वर बघितलं की डोक्यावर छप्पर कसलं आहे आणि बाहेर पडायची वाट कुठे आहे.

पुतण्याचं ऑफिस याच भागात. गेल्या वर्षी त्याला बढती मिळाली आणि त्याने आम्हांला अशाच एका गिरणीतल्या ब्रूअरीत नेलं. मामांना मुद्दाम बोलावलं. काचेपलीकडे तांब्याच्या रंगाच्या टाक्या, उंच स्टुलं, आणि संगीत असं की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना. आम्ही सगळे एकमेकांच्या कानात ओरडत होतो. मामा मात्र शांतपणे प्रत्येकाला बरोबर उत्तर देत होते. साच्यांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नसे, म्हणून विणकर माणसं ओठ वाचायला शिकायची. चाळीस वर्षांनी ती विद्या त्यांच्या कामी आली, आणि तीही त्याच भागात.

"मामा, इथे काय होतं?" मी ओरडलो.

"साचे," मामा म्हणाले. मग त्यांनी वरची कैची बघितली, खांब मोजले आणि आमच्या टेबलापासून टाकीपर्यंत बोट फिरवलं. "असे. दोन्ही बाजूंनी. बसायला मात्र जागा नव्हती. आठ तास उभ्याने."

त्यांनी गव्हाची बिअर अर्धा ग्लास घेतली. "पेजेसारखी आहे. बरी आहे," एवढंच परीक्षण केलं. तेवढ्यात मॅनेजर अदबीने येऊन म्हणाला की आमची दीड तासाची वेळ संपली आहे आणि पुढची पार्टी उभी आहे. पुतण्याने कार्ड पुढे केलं. मी सवयीने बिलाला दीडने भागलं, मग आणखी माणशी भागलं. जो आकडा आला त्यात इराण्याकडे मी निवृत्तीपर्यंत बसलो असतो. यंत्राने पावती दिली आणि किती तारे ते विचारलं. पुतण्याने यंत्र मामांपुढे धरलं.

मामांनी चष्मा लावला, पाच तारे नीट न्याहाळले आणि विचारलं, "यात छत्री नाही का रे?"